सेव्हिलची कडू संत्री आणि आम्ही दोघी विहिणी

सेव्हिलला जायचं असेल तर फेब्रुवारीत जा, असं मी आता भेटेल त्याला सांगते. ऊन कोवळं असतं, गर्दी बेताची असते आणि रस्त्यारस्त्यावर संत्र्यांची झाडं फळांनी लगडलेली असतात. चालायचे बूट घ्या, एखादं पातळ जाकीट घ्या. पोटात गुपित मात्र घेऊन जाऊ नका. मी घेऊन गेले होते, म्हणून सांगते.

आधी कोण कोण ते सांगून टाकते. मी वृंदा, मूळची पुण्याची, अठ्ठावीस वर्षं कॅनडात, आता मिल्टनला. माझी मुलगी ऋचा आणि जावई समीर किचनरला राहतात, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. समीरची आई निर्मलाबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नागपूरजवळच्या काटोलच्या. त्यांची संत्र्यांची बाग आहे आणि ती त्यांनी चाळीस वर्षं स्वतः उन्हात उभं राहून सांभाळली आहे. ऑक्टोबरमध्ये त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. मुलं दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली, म्हणून आठवड्यातले तीन दिवस त्या माझ्याकडे असायच्या. मी त्यांना बर्फावर न घसरता चालायला शिकवलं, त्यांनी मला पाटवडी शिकवली. आमचं असं काही गूळपीठ जमलं की आमचे हे म्हणायचे, "तुम्हा दोघींचंच लग्न लावून दिलं होतं की काय आपण?"

सेव्हिलची सहल मुलांचीच भेट होती. उन्हाळ्यातच ठरलेली, पैसे भरलेले, विहीणबाई नागपूरहून व्हिसासुद्धा काढून आलेल्या. आणि निघायच्या चार दिवस आधी ऋचाचा फोन आला.

"आई, समीर अँड आय आर सेपरेटिंग. इट्स म्युच्युअल. प्लीज, डोन्ट मेक इट अ थिंग."

मी बेसमेंटमध्ये सुटकेसचं वजन करत होते. तशीच तिच्यावर बसले. समीर त्याच्या आईला सहलीनंतर सांगणार होता, तोवर मी गप्प राहायचं होतं. ठीक आहे, म्हटलं. आठ दिवस तोंडाला कुलूप. मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

मुलीचं वाईट वाटत होतंच. समीरचंही वाटत होतं, गुणी मुलगा आहे. पण खरं सांगू का? मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती विहीणबाईंची. आमचं नातं मुलांच्या लग्नाच्या खुंटीला टांगलेलं. खुंटीच निघाली तर ते कशावर राहणार? साठी उलटल्यावर मिळालेली मैत्रीण मला गमवायची नव्हती.

पहिला दिवस

विमानतळावरून येताना टॅक्सीत विहीणबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. खिडकीची जागा अर्थातच त्यांची. विमानातही त्यांचीच. मुलीकडची बाजू आपली, वाकायचं आपणच, हे अठ्ठावीस हिवाळ्यांनीही माझ्या अंगातून गेलेलं नाही. त्यात पोटात ते गुपित. मी त्यांची बॅग उचलत होते, मोठी खोली त्यांना देत होते, पाणी हातात देत होते.

"विहीणबाई, इतकी संत्री रस्त्यावर पडून राहिली! कोणी उचलत काहून नाही?"

मी म्हटलं, असतील म्युनिसिपालिटीची. पण त्यांचा जीव खालीवर होत होता. काटोलला त्याच आठवड्यात मृग बहाराच्या फळांची तोडणी चालू होती, व्याही बागेत उभे होते, आणि इथे फूटपाथवर फळं पायाखाली येत होती. आम्ही राहणार होतो त्या घराच्या दारात टॅक्सी थांबली. मी ड्रायव्हरशी बोलतेय तोवर बाईंनी पदराची ओटी करून सात-आठ संत्री गोळाही केली होती. एक तिथेच सोललं आणि फोड तोंडात टाकली.

त्यांचा चेहरा असा काही झाला, की मी गुपितबिपित सगळं विसरून हसत सुटले.

"अवो, हे संत्रं आहे का कारलं?"

तेवढ्यात दार उघडून घरमालकीण धावत आली. इन्मा तिचं नाव, सत्तरीची, ठेंगणी, गळ्यात चष्मा. "नो, नो, नो!" करत तिने विहीणबाईंच्या ओटीतली संत्री काढून घेतली. मग फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोनमधली बाई हिंदीत म्हणाली, की ही फळं कडू असतात, त्यांच्यावर गाड्यांचा धूर बसतो, फवारणी होते, आणि पोलिसाने पाहिलं तर दंडसुद्धा करेल. झाडं नुसती शोभेची आणि वासाची.

"शोभेची!" विहीणबाई फोनमधल्या बाईलाच रागावल्या. "संत्र्याचं झाड अन् शोभेचं?"

इन्माने आम्हा दोघींकडे बोट करून विचारलं, बहिणी का? मी माझं नेहमीचं सुरू केलं: माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई. इंग्रजीत आम्हाला शब्दच नाही, त्यामुळे कॅनडात हे वाक्य मी शंभरदा म्हटलंय. फोनने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि इन्माचा चेहरा उजळला. "आह! कोन्सुएग्रास!" त्यांच्याकडे विहीण या नात्याला चक्क शब्द होता. विहीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी इन्माचा हात धरून तो तीनदा म्हणून पाहिला. मीही हसले. पण तो शब्द आमच्याकडे किती दिवस राहणार होता हे तिघींत मला एकटीलाच माहीत होतं.

खाणं

सेव्हिलमध्ये भूक आपल्या वेळेला लागून उपयोग नाही. आम्ही मिल्टनच्या सवयीने संध्याकाळी सहाला जेवायला बाहेर पडलो, तर सगळ्या स्वयंपाकघरांना टाळं. आठ वाजता वेटर खुर्च्या मांडायला लागला आणि त्याने आमच्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या मांडवात आदल्या दिवशीच पाहुणे आलेत. तोवर आम्ही बाकावर बसून विहीणबाईंच्या पर्समधला चिवडा संपवला होता.

त्या शाकाहारी. मी "कार्ने नो, पेस्कादो नो" असं पाठ करून ठेवलं होतं, मांस नको, मासे नको. टोमॅटोचं दाट गार सार आलं, साल्मोरेखो. रंग सुरेख, वर मात्र हॅमचे तुकडे पेरलेले. मी वेटरला बोलावलं. तो म्हणाला, मांस कुठे आहे, हॅम आहे! त्याच्या मते हॅम म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर. मी काही सोडणारी नव्हे. तीन वेळा परत पाठवलं, तिसऱ्यांदा स्वयंपाकीच बाहेर आला, आणि चौथ्यांदा स्वच्छ वाटी आली.

पण पालक-हरभऱ्याने जीव वाचवला. त्रियाना म्हणजे नदीपलीकडचा कुंभारांचा भाग, जिथे भिंती, जिने, बाक, सगळं रंगीत फरश्यांनी मढवलेलं आहे. तिथल्या एका अंधाऱ्या बारमध्ये मातीच्या थाळीत ते आलं. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"जिरं आहे. लसूण आहे. अन् पावाचा चुरा लावला आहे दाटपणाले." मग डोळे उघडून, "विहीणबाई, हे आपलं आहे. यांनी नेलं का आपण आणलं, ते पाहायचं नंतर."

त्यांनी दोन थाळ्या संपवल्या. बारवाल्याने पाठ थोपटली. मी समोर बसून पाव कुरतडत होते.

"तुम्ही काहून इतक्या गप्प होऊन राहिल्या?"

"जेट लॅग," मी म्हटलं.

"चौथा दिवस आहे," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही नन्सच्या एका मठात मिठाई आणायला गेलो. तिथल्या जोगिणी बाहेरच्या माणसाला तोंड दाखवत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरतं पिंप बसवलेलं असतं. घंटी वाजवायची, आतून आवाज येतो, हवं ते सांगून पैसे पिंपात ठेवायचे, पिंप फिरतं आणि बदामाच्या वड्यांचा डबा बाहेर येतो. आतल्या बाईचा आवाज इतका गोड, की विहीणबाई तिच्याशी मराठीतच बोलायला लागल्या. आतूनही स्पॅनिशमध्ये उत्तरं येत होती. पाच मिनिटं चाललं होतं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड दिसत नाही नं, म्हणून बोलायला बरं वाटते."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पस्तीस उतार

मोठ्या कॅथीड्रलला लागून हिराल्दा नावाचा मनोरा आहे. आधी मशिदीचा होता, मग तिथे चर्चचं घंटाघर झालं. आत पायऱ्या नाहीत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून उतार बांधलेले आहेत, एकावर एक पस्तीस, प्रत्येक वळणावर भिंतीत नंबर. विहीणबाईंचा डावा गुडघा कुरकुरतो. मी म्हटलं, खालूनच बघू या. त्या म्हणाल्या, "घोडं चढू शकते तर मी काहून नाही?"

मी पुढे, त्या मागे. समोरून उतरणारी माणसं येत होती, त्यामुळे शेजारीशेजारी चालता येत नव्हतं. दहाव्या नंबरला त्यांनी सांगितलं की समीर दोन आठवडे नुसतं हो-हो करतो. पंधराव्याला म्हणाल्या, ऋचा वाळल्यासारखी वाटते. विसाव्याला थांबून दम घेतला आणि म्हणाल्या, "गोड बातमी असेल का? अशात पोरी वाळतात. मी काटोलहून लहानपणीची पितळी वाटी आणली आहे समीरची. सुटकेसच्या तळाशी आहे. कोणाला दाखवली नाही."

माझे पाय पुढे जात होते आणि मला ते सहन होईना. आणखी चार दिवस ही बाई त्या वाटीची स्वप्नं बघणार आणि मी तिला खिडकीची जागा देत राहणार? सत्ताविसाव्या नंबरवर, मागे वळून न बघता, समोरच्या भिंतीला मी सांगितलं.

"निर्मलाबाई, मुलं वेगळी होताहेत. दोघांनी मिळून ठरवलंय. मला निघायच्या चार दिवस आधी कळलं. समीर तुम्हाला आपण परतल्यावर सांगणार होता. मला राहवलं नाही."

मागून पावलांचा आवाज थांबला. एक जर्मन कुटुंब आम्हाला वळसा घालून पुढे गेलं. मला वाटलं, आता या खाली जातील.

"किती राहिले?" त्यांचा आवाज आला.

"काय?"

"उतार. किती राहिले?"

"आठ."

"मग चला."

आम्ही वर गेलो. खाली सगळं शहर पांढरंशुभ्र पसरलं होतं, अंगणाअंगणांतून केशरी ठिपके. त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"चूक कोणाची?"

"दोघंही म्हणतात, कोणाचीच नाही."

"असं कसं होईल? कोणाची तरी असतेच." मग, "म्हणून तुम्ही मले मोठी खोली देऊन राहिल्या होत्या. पाणी देऊन राहिल्या होत्या. मी येडी समजली, माया आहे."

"माया होतीच हो!" मी ओरडलेच. "माया आहे म्हणूनच तर..."

त्या माझ्याकडे न बघता खाली उतरल्या. उतार उतरणं गुडघ्याला चढण्याहून वाईट, पण त्यांनी माझा हात काही धरला नाही.

अंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खोली रिकामी. अंथरूण घडी घातलेलं, चपला नाहीत. फोन टेबलावर. परक्या देशातल्या परक्या शहरात, भाषा येत नाही, आणि आदल्या रात्री आम्ही एक शब्दही बोललेलो नव्हतो. मी गाउनवर जाकीट चढवून जिना उतरले.

खाली, घराच्या आतल्या अंगणात, विहीणबाई खुर्चीवर उभ्या राहून इन्माच्या संत्र्याच्या झाडाची छाटणी करत होत्या. इन्माने खुर्ची धरली होती. फरशीवर फांद्यांचा ढीग.

"उतरा आधी!" मी म्हटलं. "गुडघा!"

"पानसोट वाढू दिले आहेत हिने," त्या कात्री चालवत म्हणाल्या. "हे सरळसोट उंच जातात नं, ते पानसोट. झाडाचं सगळं खातात, फळ देत नाहीत. हिला सांगा."

मी फोनला सांगितलं, फोनने इन्माला सांगितलं. इन्माने उलट सांगितलं, की हे झाड तिच्या आजोबांनी लावलं होतं आणि तिच्या लहानपणी गोड संत्री द्यायचं. आजोबा गेले आणि झाड कडू झालं. घरात सगळे म्हणतात, दुःखाने झालं.

विहीणबाई खाली उतरल्या. बुंध्याशी वाकल्या, हाताने माती बाजूला केली आणि जमिनीलगतची एक जुनी गाठ मला दाखवली.

"दुःखबिख काही नाही. गोड संत्र्याचं कलम होतं, खाली मुळांकडे कडूचं खुंट. कलम मरून गेलं, कधी गेलं ते यांना कळलंसुद्धा नाही. खुंट फुटलं अन् झाड झालं. आमच्याकडेही होते असं."

मग त्या तिथेच झाडाच्या आळ्याच्या काठावर बसल्या. हात मातीने माखलेले.

"मी रात्रभर समीरला शिव्या देऊन राहिली होती मनात. मग ऋचाला. मग तुम्हाला. तीन वेळा फोन उचलला. सकाळी वाटलं, चाळीस वर्षं कलमं बांधली मी. दहा बांधली की दोन लागत नाहीत. हात चांगला असला तरी, काडी चांगली असली तरी. तेव्हा काय शिव्या देतो का आपण काडीला? अन् कलम लागलं नाही म्हणून खुंट उपटून फेकतो का?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. त्याही रडल्या. इन्माला काही कळलं नाही, तरी ती आत जाऊन तीन कप कॉफी घेऊन आली.

"मला वाटलं, तुम्ही आता बोलणार नाही माझ्याशी," मी म्हटलं.

"बोलणार नव्हतीच. दुपारपर्यंत तरी." त्यांनी नाक पुसलं. "वाटीचं कोणाला सांगू नका."

"नाही सांगणार."

(त्यांनीच आता परवानगी दिली, म्हणून लिहिलं.)

कॉफी पिऊन झाल्यावर त्यांनी झाडावरची कडू संत्री तोडली. ही धुराची नव्हेत, घरची. "याचं लोणचं होईल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, उद्या अल्काझार राजवाड्याची तिकिटं आहेत! "ते उद्या. लोणचं आज." आणि त्यांच्या सुटकेसमधून भिवापुरी तिखटाची पुडी, हिंग, मोहरीची डाळ असं सगळं निघालं. सहलीला निघालेल्या बाईने मोहरीची डाळ काहून आणावी, हे मी विचारलं नाही. शेंगदाण्याचं तेल नव्हतं, ऑलिव्हचं घेतलं. फोडणीचा वास अंगणभर गेला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. इन्माने चमचाभर चाखलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितलं.

खालच्या दुकानातून मी काचेची एक मोठी बरणी घेऊन आले. विहीणबाईंनी ती परत पाठवली.

"दोन आणा. लहान."

"एवढं काही नाहीये लोणचं. एकीत मावेल."

"दोन आणा म्हटलं नं."

मी दोन आणल्या. त्यांनी मोजून मापून, फोडीला फोड लावून, दोन्ही सारख्या भरल्या.

राजवाडा आम्ही पाहिला. कोरीव कमानी पाहिल्या, पाण्याचे पाट पाहिले, मोर पाहिले. विहीणबाईंनी तिथल्या माळ्यालाही पानसोट दाखवले. उरलेल्या दिवसांत त्यांनी समीरला एकदाही फोन केला नाही. रोज सकाळी फोन हातात घ्यायच्या, ओठ घट्ट मिटायच्या आणि परत पर्समध्ये टाकायच्या. "तो सांगेल तेव्हा ऐकेन," एवढंच म्हणाल्या. मी मात्र खिडकीची जागा देणं थांबवलं नाही. एकदा त्यांनीच मला ढकलून आत बसवलं.

टोरांटोला उतरलो. इमिग्रेशनच्या खिडकीशी दोघी एकत्र उभ्या राहिलो. ऑफिसरने विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? मी तोंड उघडलं, "माय डॉटर्स..."

"फ्रेंड," विहीणबाई पुढे होऊन म्हणाल्या. मग न विचारताच, "अँड पिकल. टू बॉटल." आणि मला, "चला, त्याला उशीर होऊन राहिला."

बाहेर ऋचा आणि समीर दोघंही आले होते. हातात आमचे जाड कोट. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस उभा राहील एवढी जागा. दोघांचे चेहरे बारावीच्या निकालाच्या दिवशी असतात तसे. मी काही बोलायच्या आत विहीणबाईंनी सुटकेस तिथेच ट्रॉलीवर आडवी केली, उघडली, आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बरण्या काढल्या.

एक ऋचाच्या हातात दिली. "ही तुझी."

दुसरी समीरच्या. "ही तुझी. पंधरा दिवस मुरू द्या. आत्ता कडूच लागेल."

समीरने हातातल्या बरणीकडे पाहिलं, मग ऋचाच्या. "आई, दोन कशाला..." म्हणता म्हणता त्याला कळलं. ऋचाने बरणी छातीशी धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, माहीत आहे त्यांना.

विहीणबाईंनी आधी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, मग मुलाच्या. सुटकेस बंद केली. कोट चढवला, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि माझा हात धरला. हिराल्दावरून उतरताना जो धरला नव्हता, तोच.

"चल वृंदा," त्या म्हणाल्या. "भाऊजी गाडीत वाट पाहून राहिले असतील. मी तुझ्याकडे येते."